शिवण शिकायला घेतलंय, आता थांबवत नाही! कुठून कसं पुढे जाऊ?

नवा_दोरा

शिवण शिकायला लागल्यापासून कपड्यांकडे बघायची नजरच बदलली आहे. समोरच्याच्या शर्टाची कॉलर कशी बसवली असेल, खिशाच्या कोपऱ्यात तो बारीकसा त्रिकोण कशाला शिवतात, पँटच्या आतल्या शिवणीवर दोन-दोन टिपा का असतात, हेच डोक्यात फिरत राहतं. इतकी वर्षं हे सगळं अंगावर घालून हिंडत होतो आणि कधी दिसलंच नव्हतं.

घरात पायमशीन आहे, चालू स्थितीत आहे. सरळ टीप मारता येते. हाताने धावदोरा, उलटी टीप आणि हेम जमतं. पण मला खरं तर सगळंच करायचंय: उशांचे अभ्रे, पडदे, पिशव्या, स्वतःसाठी शर्ट, उरलेल्या तुकड्यांची गोधडी, शिवाय क्रोशाही खुणावतोय. एक काम हातात असताना पुढची चार मनात बेतून झालेली असतात.

आत्ता अडलंय ते असं. टीप वरून छान दिसते आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचा नुसता गुंता. बॉबिनचा (खालच्या दोऱ्याच्या रिळाचा) स्क्रू बराच फिरवून पाहिला, फरक पडत नाही. दुसरं म्हणजे, हातशिलाई आधी पक्की करावी की सरळ मशीनवरच बसावं? आणि शर्टापर्यंत पोहोचायचं तर मधल्या पायऱ्या कोणत्या? जे सुचेल ते सांगा, अगदी बारीकसारीकही चालेल. मला बारीकसारीकच हवंय.

काळं_मशीन

आधी तो स्क्रू होता तिथे आण. खाली गुंता झाला की सगळ्यांचा हात बॉबिनकडे जातो, पण दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याचा असतो.

मशीन टाका कसा घालतं ते एकदा चाक हळूहळू हाताने फिरवून बघ. सुई खाली जाते आणि जराशी वर यायला लागते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास सुटतो. शटलचं, म्हणजे बॉबिन धरणाऱ्या खालच्या भागाचं, टोक तो फास पकडतं, बॉबिनभोवती फिरवून सोडून देतं. मग वरची हलती दांडी जादा दोरा खेचून घेते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत मधोमध एकमेकांत अडकतात. वरच्या दोऱ्याला ओढच नसेल तर तो फास वर खेचला जात नाही, खालीच लोंबत राहतो. एकावर एक असे फासे साचले की तुझा गुंता तयार.

ओढ का नसते? टेन्शनच्या दोन चकत्या असतात ना, त्या मशीनचा पाय (सुईखाली कापड दाबून धरणारा) वर असताना उघड्या असतात आणि पाय खाली आला की मिटतात. पाय खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये शिरतच नाही, कडेवर नुसता टेकतो. म्हणून पाय वर कर, दोरा पूर्ण काढून नव्याने ओव, हलत्या दांडीचं भोक चुकवू नकोस. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं पायाखालून मागे घेऊन पहिले तीन-चार टाके होईपर्यंत धरून ठेव. आणि चाक नेहमी स्वतःच्या दिशेने फिरव. पायमशीनवर नवख्या पायाने ते क्षणभर उलटं फिरतं आणि तेवढ्यानेही दोरा अडकतो.

वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घालून चिंधीवर टीप मार. वरच्या बाजूला बॉबिनच्या रंगाचे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे. खाली वरचा रंग दिसला तर कमी. टाक्याची लांबी नेहमीच्या सुती कापडाला अडीच मिलिमीटर ठेव, म्हणजे इंचाला साधारण १० टाके.

सुईचंही बघ. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिलिमीटर. पातळ कापडाला ७०/१०, साध्या सुतीला ८०/१२ किंवा ९०/१४, डेनिमला १००/१६. सुई कुठल्या बाजूने बसवायची हे मशीनप्रमाणे बदलतं, पण एक खूण कायम असते: सुईवरची लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूने दोरा ओवायचा. आठेक तास शिवण झाली की सुई बदलावी. बोथट सुई टाके सोडते आणि आपण उगाच ताण बदलत बसतो.

उभा_आडवा

मशीनचं वर छान सांगितलंय. मी कापडावर बोलते, कारण नवं शिकणाऱ्याची निम्मी मेहनत तिथे वाया जाते आणि कळतही नाही का गेली ते.

कापड हातात आलं की आधी उभं-आडवं ओळख. दोन्ही कडांना जो घट्ट विणलेला काठ असतो, त्याला समांतर जातो तो ताणा. एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो तो बाणा. उभं ओढून बघ, जवळजवळ हलत नाही. आडवं किंचित देतं. आता कोपरा धरून तिरकं, ४५ अंशांत ओढ. केवढं ताणलं जातं! तिथे कुठलाच धागा सरळ ओढ घेत नाही, विणीचे चौकोन तिरपे होतात. गळ्याला, मुंढ्याला (बाही जोडतात त्या गोलाईला) लावायची पट्टी उरेब, म्हणजे अशी तिरकी, कापतात ती याचसाठी. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर चुण्या घेते, उरेब पट्टी वळणाबरोबर वळते.

पडदा एका बाजूने लोंबतो, पँटची बाजूची शिवण घातल्यावर पायाच्या पुढे येते, अशा कपड्यांत शिवण बहुतेक वेळा चांगलीच असते, बेतणं तिरकं झालेलं असतं. त्यामुळे कात्री लावण्याआधी कापडाच्या टोकाला छोटा काप दे, एक आडवा धागा पकड आणि हलकेच ओढत काढ. कापडभर बारीक रेघ उमटते. त्या रेघेवर काप. वेळ लागतो, पण त्यानंतर तो तुकडा तुझ्याशी भांडत नाही.

आणि शिवण्याआधी धू. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटतं. २ मीटरच्या पडद्यात ते ६ ते १० सेंटीमीटर होतात.

कापड कशाचं आहे कळत नसेल तर चार धागे चिमट्यात धरून, खाली पाणी ठेवून पेटव. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. इस्त्री किती तापवायची हे यावरच ठरतं, म्हणून ही माहिती फार कामाची आहे.

कच्चा_टाका

बाळा, माझं ऐकशील तर मशीन थोडे दिवस झाकून ठेव. हाताने शिव. मशीन कापड पुढे ओढून नेतं, ते आपल्याला कळायच्या आत टीप झालेली असते. हाताने शिवताना कापड कुठे सरकतंय, कुठे फुगतंय, दोन थरांतला कुठला थर जास्त येतोय, हे बोटांना समजतं. ते एकदा समजलं की मशीनवर हात आपोआप योग्य जागी जातो.

दोरा ४५ सेंटीमीटरपेक्षा लांब घेऊ नकोस, लांब घेतला की पीळ पडून गाठी बसतात. मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घे. गाठ घालण्यापेक्षा सुरुवातीला एकाच जागी दोन बारीक टाके घाल, उलट्या बाजूला टोचत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, लाव. पहिल्यांदा अडगळ वाटेल, पण जाड कापडात सुई ढकलायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

मुंढा

काकू, तुमचा हात मोठा आहे आणि तुमच्या कच्च्या टाक्यांचा मी चाहता आहे, पण इथे माझं मत वेगळं आहे. हाताची शिवण आणि मशीनची शिवण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एक दुसरीची पायरी नाही. हाताची सुई कापडातून आरपार जाते, म्हणून तिचं भोक मागच्या टोकाला. मशीनची सुई आरपार जातच नाही, नुसता फास खाली पोचवून परत येते, म्हणून तिचं भोक अणीजवळ. एलायस हौ यांना १८४६ मध्ये ज्या मशीनचं पेटंट मिळालं त्यात अणीजवळ भोक असलेली सुई आणि दुसऱ्या दोऱ्यासाठी शटल, दोन्ही होतं. हाताची हालचाल जशीच्या तशी यंत्राला शिकवत बसण्यापेक्षा टाकाच वेगळा घेतला, तेव्हा यंत्र जमलं.

नव्याने शिकणाऱ्याला आज सुरू केलेली वस्तू लवकर वापरायला मिळाली पाहिजे. मशीनवर अभ्रा एका बैठकीत होतो. तो उशीवर चढवला की माणूस दुसरा शिवायला बसतो.

कच्चा_टाका

ते पटतंय रे. वस्तू पूर्ण व्हायला हवी हे खरं. पण मग निदान कच्चे टाके सोडू देऊ नका त्याला. टाचण्या लावून थेट मशीनवर घेतलं की गोलाईवर थर सरकतोच. बाही बसवताना, चेन लावताना, चौकटीच्या कापडाच्या रेघा जुळवताना आधी हाताने लांब टाके घालायचे, अंगाला लावून बघायचं आणि मगच टीप. टीप कच्च्या टाक्यांच्या किंचित बाजूने मार, म्हणजे नंतर ते अलगद निघतात.

मुंढा

याला माझी पूर्ण संमती. बाही कच्च्या टाक्यांशिवाय मीही लावत नाही.

उसवण

तुला शर्टापर्यंत जायचंय ना? मग एक जुना, टाकायला काढलेला शर्ट घे आणि तो उसव. मला विचारशील तर शिवण शिकण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

फाडू नकोस, उसव. टिपेच्या एका बाजूला दर चौथा-पाचवा टाका उसवणीने काप, उलट्या बाजूचा दोरा ओढ, अखंड निघून येतो. शर्ट ज्या क्रमाने शिवला त्याच्या उलट क्रमाने तो सुटत जातो, आणि हा क्रमच शिकायचा असतो. बटणं आणि काजं शेवटी केलेली असतात, ती सोड. मग खालची दुमड. मग कफ. पुढे बघ, बाजूची शिवण आणि बाहीची खालची शिवण ही एकच सलग टीप निघेल. म्हणजे बाही आधी सपाट कापडावर मुंढ्याला जोडली होती आणि नंतर घेरापासून मनगटापर्यंत एका दमात शिवत नेलं होतं. हे वाचून लक्षात राहत नाही, उसवताना एकदा दिसलं की विसरत नाही.

कॉलर उसवलीस की आत बक्रमचा, म्हणजे कॉलर ताठ ठेवणाऱ्या कडक कापडाचा, तुकडा सापडेल. कॉलरचे दोन्ही थर एकमेकांवर ठेवून बघ. चांगल्या शिवलेल्या शर्टात खालचा थर वरच्यापेक्षा केसभर लहान असतो, त्यामुळे शिवण कडेवर न दिसता खाली वळते. टोकाशी आतली माया (टिपेबाहेर सोडलेलं जादा कापड) तिरकी कापलेली असेल, नाहीतर तिथे कापड गोळा होऊन टोक बोथट आलं असतं. बाहीच्या वरच्या गोलाची लांबी आणि मुंढ्याची लांबी टेपने मोज. बाहीचा गोल थोडा मोठा निघेल. ती जादा लांबी चुणी न पडू देता मुंढ्यात जिरवायची असते, आणि काकू म्हणताहेत ते कच्चे टाके तिथेच लागतात.

तुझ्या त्रिकोणाचं उत्तरही मिळेल. खिशात हात घातला की सगळी ओढ तोंडाच्या दोन कोपऱ्यांवर येते. तिथे एकच टीप असेल तर ती उसवते किंवा कापडच फाटतं. त्रिकोणामुळे ओढ जास्त टाक्यांत वाटली जाते. पँटच्या दोन टिपांचंही तेच: कापडाच्या कडा एकमेकांत दुमडून त्यावर दुसरी टीप दिली की दशाही सुटत नाहीत आणि शिवण जास्त ओढ सोसते.

सगळे तुकडे इस्त्री करून कागदावर उतरव, प्रत्येकावर उभ्या धाग्याचा बाण काढ, शिवणीच्या रेघेबाहेर माया किती होती तेही लिही. शर्ट तुला नीट बसत होता असं धरलं तर तुझ्या मापाचा नमुना तयार झाला. विकतचे मापवार कागदी नमुने एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये बाजारात आणले. त्याआधी घरात कपडे शिवणाऱ्या कितीतरी जणांनी जुना कपडा उसवूनच नवा बेतला असेल.

अस्तर

वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. फक्त इस्त्रीबद्दल कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते.

इस्त्री मशीनच्या शेजारी, तापलेली हवी. प्रत्येक टिपेनंतर आधी शिवण मिटलेली तशीच दाब, म्हणजे टाके कापडात बसतात, मग माया उघडून दाब. घासायची नाही, उचलून ठेवायची. घासली की उरेब कापलेला भाग ताणून निघतो. एक टीप दुसरीला छेदणार असेल तर पहिली दाबल्याशिवाय दुसरी मारायचीच नाही. गोलाई उलटण्याआधी मायेला काप द्यायचे: गळ्यासारख्या आत वळणाऱ्या गोलाईला नुसते सरळ काप, कारण उलटल्यावर ती कड पसरायला हवी. बाहेर फुगणाऱ्या गोलाईतून बारीक त्रिकोण काढून टाकायचे, कारण तिथे कापड जास्त होतं. टिपेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं.

नवा_दोरा

पाय वर करून दोरा ओवला आणि गुंता गेला! दोन रंगांची टीप इतकी सुंदर आली की ती चिंधी मी जपून ठेवली आहे.

शर्ट उसवायला घेतलाय. बाजूची आणि बाहीची टीप खरोखर सलग निघाली. कॉलरच्या दोन थरांतला फरक टेपवर जेमतेम दिसतो, पण आहे! कुणीतरी इतका विचार करून ते कापलंय, याचंच कौतुक वाटत राहिलं. आता कुठलाही कपडा दिसला की आधी आतली बाजू बघावीशी वाटते.

शर्ट होईपर्यंत मधे अभ्रे करीन म्हणतो. चेन न लावता होणारा अभ्रा कसा बेतायचा? उशी ४० सेंटीमीटर चौरस आहे. आणि क्रोशा आत्ताच हातात घेऊ का?

मुंढा

माया १ सेंटीमीटर धर. पुढचा तुकडा ४२ बाय ४२. मागे दोन तुकडे, प्रत्येकी ४२ बाय ३०. दोन्हींची एक-एक ४२ ची कड आधी १ आणि मग २ सेंटीमीटर दुमडून टीप मार. पुढचा तुकडा सुलटा वर करून पसर, त्यावर मागचे दोन्ही सुलटे खाली करून ठेव, दुमडलेल्या कडा मधे येतील आणि १२ सेंटीमीटर एकमेकांवर चढतील. तेवढा चढाव असला की तोंड उघडं पडत नाही. चारही बाजूंनी टीप. कडा एकमेकांवर चढतात तिथे, दोन्ही टोकांना, मागे-पुढे जास्तीची टीप दे, उशी भरताना सगळी ओढ तिथेच येते. कोपऱ्यांची माया तिरकी काप. मग माया धाग्यांनी सुटू नये म्हणून कडेने काजाचा टाका घाल.

उशी गुबगुबीत दिसायला हवी असेल तर पुढचा ४० चाच काप, मागच्यांचीही ४२ ची बाजू ४० कर आणि ३० ऐवजी २९ घे.

लोकरगुंडा

क्रोशा आत्ताच घे, वाट कशाला बघायची? शिवणीला टेबल, मशीन, इस्त्री मांडावी लागते. क्रोशाला एक सुई आणि एक गुंडा, कुठेही बसून. सुरुवातीला फिकट रंगाचा, गुळगुळीत, मध्यम जाडीचा धागा आणि ४ ते ५ मिलिमीटरची सुई घे. गडद धाग्यात टाका दिसत नाही आणि केसाळ धागा उसवताना गुंततो. साखळी, मग एकेरी खांब, मग दुहेरी. कडा आत आत यायला लागल्या की ओळीचा शेवटचा टाका सुटतोय असं समज. प्रत्येक ओळ संपली की टाके मोज.

दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर जिवंत असतात, एक निसटला तर खालपर्यंत सुटत जातो. क्रोशात बहुतेक वेळा एकच टाका उघडा असतो, म्हणून उसवणं सोपं आणि धीर लवकर येतो. आणि दुकानात दिसणारा खरा क्रोशा जवळजवळ नेहमी कुणाच्या तरी हातचा असतो.

कच्चा_टाका

गोधडीबद्दल एक. तुकडे साठव, पण एका जाडीचे एकत्र ठेव. जाड आणि पातळ शेजारी जोडले की पातळ तुकडा आधी फाटतो. सगळे आधी धुतलेले हवेत. धावदोरा मधल्या भागातून कडेकडे घालत जा, म्हणजे थरांतला फुगीरपणा बाहेर निघून जातो. कडेकडून आत आलास की तो मधे अडकतो.

बारीक_सुई

मधेच विचारते. मीही नवीनच आहे. जुन्या टी-शर्टची पिशवी शिवतेय, पण पायमशीन मधले टाके सोडतं आणि पिशवी भरली की टीप तटकन तुटते. तिथे काय करायचं?

काळं_मशीन

ताई, टी-शर्टचं कापड ताणे-बाणे घालून केलेलं नसतं, एकात एक अडकवलेल्या फाशांचं असतं. टोकदार सुई ते धागे टोचून फोडते किंवा ढकलून देते, मग फास नीट सुटत नाही आणि टाका चुकतो. गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई लावा, ७५/११ किंवा ८०/१२. ती फाशांच्या मधून वाट काढते.

टीप तुटते कारण कापड ताणतं आणि सरळ टीप ताणत नाही. झिगझॅग असेल तर अरुंद झिगझॅग मारा. पायमशीनवर सरळच टीप असते, तर टाका दोन मिलिमीटरपर्यंत लहान करा आणि शिवताना कापड सुईच्या पुढून-मागून दोन्ही हातांनी हलकं ताणून धरा. सुई मागे खेचली जाईल इतकं ओढू नका, वाकून तुटते. वरचा ताण थोडा सैल करा, दोरा पॉलिस्टरचा वापरा, सुती दोरा त्या मानाने कमी देतो. आणि पिशवीचे बंद जिथे जोडाल तिथे आतून साध्या सुती कापडाची पट्टी ठेवून मगच टीप मारा, म्हणजे वजन त्या पट्टीवर येईल.